नंदू टायपिस्टाने सुधारलेली गोष्ट

मुलुंडला कोर्टासमोरच्या गल्लीत, झेरॉक्सचं दुकान आणि चहाची टपरी यांच्या मधोमध जी चार बाय सहाची जागा आहे, तिथे नंदकुमार घाडीगावकर गेली चौतीस वर्षं लोकांची दुःखं टाईप करतो. आधी टाईपरायटरवर करायचा, आता कॉम्प्युटरवर करतो. कीबोर्डही तो टाईपरायटरसारखाच बडवतो, त्यामुळे वर्षाला एक मोडतो. सगळं कोर्ट त्याला नंदू टायपिस्ट म्हणूनच ओळखतं.

नंदूला आपल्या कामाचा भारी अभिमान. आणि अभिमान कशाचा, तर लोक जे सांगतात ते तो कधीच जसंच्या तसं लिहीत नाही. एखादी बाई रडत रडत सांगते, "साहेब, त्याने माझ्या ताटातली भाकरी उचलून कुत्र्याला घातली." नंदू लिहितो, "सदर इसम अर्जदारास उपाशी ठेवीत असे." बाई म्हणते, पण असं नाही झालं हो. नंदू म्हणतो, "ताई, कागदावर असंच यावं लागतं. तुमच्याच फायद्याचं आहे." अशा किती जणांच्या हकिकती त्याने सुधारल्या असतील, देव जाणे. कोणी कधी तक्रार केली नाही. माणूस एकदा दुसऱ्याचं भलं ठरवायला बसला की त्याला थांबवायचं कोणी?

त्यातही जाहीर नोटीस ही त्याची खासियत. मुलगा बापाचं ऐकत नाही, मुलगी पळून गेली, की चिडलेले आईबाप कोर्टाच्या गल्लीत येतात आणि वर्तमानपत्रात छापायला नोटीस मागतात. "तमाम लोकांस कळविण्यात येते की, माझ्या अशिलांचा मुलगा त्यांच्या कह्यात राहिलेला नसल्याने त्यांनी त्याच्याशी असलेले सर्व संबंध तोडले आहेत." खाली वकिलाची सही. या कागदाने कायद्यात तसूभर फरक पडत नाही, हे नंदूला पक्कं माहीत. तो गिऱ्हाइकालाही सांगून टाकायचा, "अहो, याने काही होत नाही. पोरगं टरकतं, इतकंच. आठ दिवसांत पाया पडत परत येतं."

चार वर्षांपूर्वी त्याने तीच नोटीस स्वतःच्या मुलीच्या नावाने टाईप केली.

श्रुतिका ही त्याची एकुलती एक. तिने गोवंडीच्या आकाशशी रजिस्टर लग्न केलं. आकाश पॅथॉलॉजी लॅबमध्ये कामाला, शिकलेला, सुपारीच्या खांडाचंही व्यसन नसलेला. नंदूला त्याच्यात खोट काढायला जातीशिवाय दुसरं काही सापडलं नाही, म्हणून त्याने तीच काढली. पोरगा बौद्ध, आणि आपण कणकवलीला भावकीत तोंड कसं दाखवायचं, हा त्याचा सवाल. भावकीतल्या निम्म्या लोकांची नावंही त्याला धड आठवत नव्हती. नाना वकील सहीसाठी कागद हातात घेऊन म्हणाले, "नंद्या, घरी जा, झोप काढ, उद्या ये. उद्याही तुला हे छापावंसं वाटलं तर मी सही करतो." नंदूने त्याच दिवशी सही घेतली. उद्यापर्यंत राग टिकणार नाही याची त्याला भीती होती.

आठ दिवस गेले, श्रुतिका आली नाही. आठ महिने गेले. मग ती आली, एकदाच, आणि पुढे महिन्याभरात गेली. पोटात आठ महिन्यांचं मूल असताना कावीळ झाली आणि पाच दिवसांत सगळं आटपलं. बाळही गेलं. आकाशचे चुलते अंबादास यांनी फोन केला तेव्हा सगळी तयारी झाली होती. देवनारच्या स्मशानात नंदू आणि त्याची बायको शेवंती पाहुण्यांसारखे एका कडेला उभे राहिले. जावयाला दोघांनी पहिल्यांदा पाहिलं ते तिथे.

त्या दिवसापासून शेवंती नवऱ्याशी बोलेनाशी झाली. भांडण नाही, रडारड नाही, माहेरी जाणं नाही. घाटकोपरला भटवाडीत त्यांची दोन खोल्यांची जागा; तिथे स्वयंपाक वेळेवर व्हायचा, कपडे घडी होऊन मिळायचे. फक्त बोलणं बंद. जेवण वाढलं की ताट जरा जोरात ठेवायची, म्हणजे या. अगदीच काही सांगायचं असलं तर शेजारच्या सुंदराबाईंना दारात उभं करून सांगायची, "त्यांना सांगा, गॅसवाला येऊन गेला." आणि नंदू चार पावलांवर बसलेला असायचा. सुंदराबाई बिचाऱ्या मान डावीउजवीकडे फिरवून टेलिफोन ऑपरेटरचं काम करायच्या.

नंदूला वाटायचं, ही नोटिशीवरून धरून बसली आहे. ते त्याला मान्यच होतं. तेवढा गुन्हा तो कबूल करायला तयार होता, कारण त्याहून मोठा जो होता तो शेवंतीला माहीत नाही अशी त्याची समजूत होती. तीन वर्षं त्याला एकच हवं होतं. तिने एकदा "अहो" म्हणावं. नुसतं "अहो", पुढे काही नसलं तरी चालेल.

यंदा दिवाळीनंतर भटवाडीच्या वाचनालयात गोष्ट लिहिण्याची कार्यशाळा निघाली. सहा शनिवार, दुपारी तीन ते पाच. घेणाऱ्या इरावतीबाई घरात मरण बघितलेल्या, आजारपणं काढलेल्या लोकांबरोबर काम करायच्या. त्यांचे नियम तीन. गोष्टीत "मी" लिहायचं नाही, "तो" किंवा "ती" लिहायचं. आपली गोष्ट आपण वाचायची नाही, दुसऱ्याने वाचायची. आणि गोष्ट ऐकून "हे खरं का गं?" असं कोणी कोणाला विचारायचं नाही. सुंदराबाईंनी सूनबाईंवर सूड उगवायला नाव घातलं आणि सोबत म्हणून शेवंतीला ओढून नेलं. नववी शिकलेली शेवंती, किराण्याच्या यादीपलीकडे काही न लिहिलेली. पहिले चार शनिवार ती वहीवर नुसता हात ठेवून बसली. पाचव्याला लिहायला लागली ती पाच वाजून गेले तरी थांबली नाही.

शेवटच्या शनिवारी सगळ्या गोष्टी वाचायच्या आणि त्यांची छोटी पुस्तिका काढायची, असं ठरलं. टाईप कोण करणार, असं इरावतीबाईंनी विचारलं. तेव्हा शेवंती म्हणाली, "आमचे मिस्टर करतात." सुंदराबाईंनी हे नंदूला येऊन सांगितलं, तर त्याला खरंच वाटेना. मिस्टर म्हणाली? माझ्याबद्दल बोलली? तो दोनदा विचारून बसला.

प्लास्टिकच्या फोल्डरमधून अकरा गोष्टी त्याच्या टेबलावर आल्या. नावं नव्हती, नुसते आकडे. नंदूने बुधवारी दुपारी गिऱ्हाईक नसताना काम काढलं. टाईप करताना तो वाचत नाही. डोळे कागदावर, बोटं कीबोर्डवर, आणि मन चहाच्या टपरीवर. सुंदराबाईंची गोष्ट (सासू, सून आणि पितळेची कळशी) अशीच बोटांखालून निघून गेली. सातव्या गोष्टीचं अक्षर मात्र त्याने लगेच ओळखलं. या अक्षरात त्याने तीस वर्षं तूरडाळ, खोबरेल आणि घासणी वाचली होती.

गोष्ट दीड पानाचीच होती.

"एक बाई होती. तिच्या मुलीने लग्न केलं ते बापाला आवडलं नाही. एका रविवारी बाई कुकर लावत होती. बेल वाजली. बाप दाराकडे गेला. बाहेरून मुलीचा आवाज आला. ती म्हणाली, पप्पा, पहिलं बाळंतपण माहेरी असतं ना. बाईने गॅस मोठा केला. तीन शिट्ट्या झाल्या. मग बाप आत आला आणि म्हणाला, केबलवाला होता. बाईने काही विचारलं नाही. तिने दोन ताटं घेतली. ते दोघं जेवले."

नंदूची बोटं थांबली. समोर गिऱ्हाईक येऊन उभं राहिलं, "भाडेकरार करायचाय," म्हणालं, वाट बघून निघून गेलं.

म्हणजे हिला माहीत होतं. पहिल्या दिवसापासून माहीत होतं. तीन वर्षं ती हे पोटात घेऊन त्याला ताट वाढत होती, आणि तो चोर मनात चांदणं घेऊन रोज तिचा चेहरा न्याहाळत होता, की कळलं तर नसेल ना? नंदूने डोकं टेबलावर टेकवलं आणि भर दुपारी, कोर्टाच्या गल्लीत, हुंदके देऊन रडला. झेरॉक्सवाल्याने शटर अर्धं ओढून घेतलं.

मग त्याने डोळे पुसले आणि टाईप करायला घेतलं. आणि इथे त्याने जे केलं ते एखाद्या टायपिस्टानेच करावं. दुसरा कोणी नवरा असता तर घरी गेला असता, बायकोच्या समोर बसला असता, चुकलं म्हणाला असता, किंवा शिव्या तरी दिल्या असत्या. नंदू गोष्ट सुधारायला बसला. "बाहेरून मुलीचा आवाज आला" इथपर्यंत त्याने तंतोतंत उतरवलं. पुढे लिहिलं, "बापाने दार उघडलं. मुलीला बघून त्याला रडू फुटलं. तो म्हणाला, माझं चुकलं बाय, आत ये. बाईने गॅस बंद केला आणि धावत बाहेर आली. त्या दिवशी ते तिघं जेवले."

फसवायचं त्याच्या मनात नव्हतं, हे खरंच. त्याला वाटलं, ही आपली माफी आहे. चारचौघांत वाचली जाईल, शेवंती ऐकेल, आणि तिला कळेल की या माणसाच्या मनात काय होतं. आयुष्यभर त्याने माणसांशी कागदातूनच व्यवहार केला होता. त्याला दुसरी रीत ठाऊक नव्हती.

शनिवारी तो धुतलेला शर्ट घालून छापील प्रती घेऊन वाचनालयात गेला आणि मागच्या बाकावर बसला. सात नंबरची गोष्ट इरावतीबाईंनी स्वतः वाचायला घेतली. नंदू शेवंतीच्या पाठीकडे बघत होता. "बापाने दार उघडलं" हे वाक्य आलं तेव्हा ती पाठ ताठ झाली. त्याला वाटलं, पोचलं. वाचून संपलं, दोघीतिघींनी डोळ्यांना पदर लावले. सुंदराबाई नियम विसरून मालवणीत म्हणाल्या, "बरा झाला गो. चेडवाक घरात घेतल्यान."

शेवंती उठून उभी राहिली.

"ही माझी गोष्ट नाही," ती म्हणाली.

इरावतीबाई गोंधळल्या. त्यांनी कागद उलटा करून आकडा बघितला. "सात नंबर तुमचाच ना, शेवंतीताई?"

"नंबर माझा आहे. गोष्ट नाही." तिचा आवाज अजिबात चढला नव्हता. "दार उघडलं नव्हतं. बाई धावत आली नव्हती. बाई ओट्याशी उभी होती आणि तिने गॅस मोठा केला. एवढं एकच मला लिहायचं होतं. चार शनिवार माझ्याने लिहवलं नाही. पाचव्याला लिहिलं. आणि यांनी ते पुसलं." मग म्हणाली, "माझ्या गोष्टीत ते दोघं जेवले होते. भात गरम होता. मी यांना वर तूप वाढलं होतं."

कोणीही मागे वळून बघितलं नाही, आणि तेच नंदूला सर्वांत जास्त लागलं. तो उठला, चपला हातात घेऊनच जिना उतरला. सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात. आयुष्यात एकदाच माफी मागायला गेला, तर तीही बायकोच्या तोंडची कबुली हिसकावून घेऊन मागितली. आपलं दुःख तेवढं दुःख, बाकीच्यांची ती अर्जदारांची हकिकत! शेवंतीच्या गोष्टीत गुन्हेगार बाई होती. त्याने वाचताना फक्त बाप वाचला होता.

रविवारी घरात ताटही वाजलं नाही. तिने नुसतं झाकून ठेवलं.

सोमवारी अकराच्या सुमाराला कोर्टाच्या गल्लीत गर्दी होती. नंदू एकाचं प्रतिज्ञापत्र संपवून मान वर करतो, तर पुढे शेवंती. चौतीस वर्षांत ती या जागी कधी आली नव्हती. तिने मागे उभ्या असलेल्या गिऱ्हाइकाला, "माझा नंबर आहे," असं सांगितलं आणि गिऱ्हाइकाच्या प्लास्टिकच्या खुर्चीवर बसली. पिशवीतून वही काढली.

"टाईप करायचंय," ती म्हणाली. "मी सांगते तसं. एक अक्षर इकडचं तिकडे करायचं नाही."

तीन वर्षांनी ती त्याच्याशी बोलली. नंदूने कितीदा मनात ठरवून ठेवलं होतं की बोलली तर आपण काय म्हणायचं. आता त्याने फक्त मान हलवली आणि नवीन फाईल उघडली.

ती सांगत गेली, तो टाईप करत गेला. एक बाई होती. एका रविवारी बाई कुकर लावत होती. बेल वाजली. "बाईने गॅस मोठा केला" इथे तिचा आवाज जरा अडकला, तेव्हा तोही थांबला, आणि तिने पुन्हा सांगितल्यावरच त्याने लिहिलं. तीन शिट्ट्या झाल्या, तिथे तिने वही मिटली.

"इथे थोडं राहिलंय," ती म्हणाली. "तीन शिट्ट्या होईपर्यंत बाप दाराशी काय करत होता ते बाईला माहीत नाही. तिला ऐकू आलं नाही. ते तुम्ही सांगा."

मागचं गिऱ्हाईक घड्याळ बघत होतं. नंदूने चष्मा काढला.

"मी दाराच्या भोकातून बघितलं. तीच होती. ती तसं म्हणाली, माहेरी असतं ना म्हणून. मी आतूनच म्हटलं, नोटीस वाचली नाहीस काय?" त्याने चष्मा शर्टाला पुसला. शेवंती वाट बघत राहिली. "ती काही बोलली नाही. पण गेलीही नाही, उभीच होती. माझा हात कडीवर होता, शेवंती. देवाशप्पथ कडीवर होता. म्हटलं, आणखी एकदा बेल मारेल. दुसऱ्यांदा मारली की उघडायचं. शिट्ट्या होत होत्या. मी थांबलो. मग बघितलं तर गॅलरीत कोणी नाही. जिन्यापर्यंत गेलो. रस्त्यावर नाही गेलो."

शेवंतीला राग आला असता तर त्याला बरं वाटलं असतं.

"हात कडीवर होता?"

"होता."

"आणि मी गॅस का मोठा केला, असं वाटतं तुम्हाला?"

"तिचा आवाज ऐकवेना म्हणून."

"नाही," ती म्हणाली. "तुमचा स्वभाव मला माहीत. मी बाहेर आले असते तर तुम्ही दार उघडलं नसतं. बायकोच्या समोर तुम्ही वाकला नसता. म्हटलं, आपण आत राहू. ऐकूच येत नाही असं दाखवू, आवाज करू. म्हणजे हा माणूस गुपचूप दार उघडेल आणि पोरीला आत घेईल, आणि मी काही बघितलंच नाही असं होईल. मी तुमच्यासाठी आवाज केला."

गल्लीत कोणीतरी कोणाच्या तरी नावाचा पुकारा करत होतं. नंदूचे हात कीबोर्डवर होते, पण एकही बटण सापडत नव्हतं. ज्या माणसाने डोळे मिटून हजारो कागद काढले, त्याला "बाई" हा शब्द कुठून सुरू करायचा ते कळेना.

"हे लिहू?" त्याने विचारलं.

"दोन्ही लिहा. कडीवर हात होता ते पण, गॅस का मोठा केला ते पण."

त्याने लिहिलं. हळूहळू, एकेक अक्षर शोधत, आणि एकही शब्द न सुधारता. पाच ओळींना अर्धा तास लागला. मागचं गिऱ्हाईक कंटाळून निघून गेलं.

"आता हे वाचायला पोरगी कुठे यायची आहे," शेवटी तो म्हणाला.

"नाही यायची," शेवंती म्हणाली, आणि वही उघडून बोट ओळीवर ठेवलं. "पुढे टाईप करा. तिने दोन ताटं घेतली."